मुक्काम पोस्ट औसा

आमच्या औशाच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. दिवाळीच्या साफसफाईत ती उघडली की हातातले काम टाकून मी तिच्यापाशी बसतो. तळाशी आजोबांच्या जमिनीचे उर्दू कागद, निजामाच्या राज्यातले, वर फसली सन. घडीवर ते इतके विरले आहेत की तळहातावर धरूनच उलगडावे लागतात. त्यांच्यावर वडिलांचा शाळेचा दाखला : औसा, जिल्हा उस्मानाबाद. सगळ्यात वर माझ्या मुलाचा : औसा, जिल्हा लातूर.

घर तेच, ओसरी तीच. वरची राज्ये तेवढी बदलली. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची सत्ता संपली, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. १९८२मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. उस्मानाबादचेही आता धाराशिव झाले. यातल्या कशाचेच मला दुःख नाही. जिल्ह्याच्या कामाला वडील पहाटे भाकरी बांधून एसटीने निघत आणि दिवेलागणीला परतत. जिल्हा वीस किलोमीटरवर आला आणि त्यांचे हेलपाटे वाचले. पत्त्याची शेवटची ओळ बदलत राहिली, पहिली, ‘मु. पो. औसा’, जागची हलली नाही.

जपानमध्ये ही पहिली ओळच बदलली. तरुण माणसे शहरांकडे गेली, गावे म्हातारी झाली, कारभाराचा खर्च पेलेना. मग छोटी गावे-नगरे शेजारच्या मोठ्या पालिकांत विलीन करण्यात आली. १९९९मध्ये तिथे ३,२३२ पालिका होत्या; मार्च २०१०मध्ये उरल्या १,७२७. कारणे खरी होती, हे मान्य. पण आपल्या गावाचा कारभार आता गावात नाही, हे ज्या दिवशी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला कळले असेल, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आपल्याकडेही हे घडतेच आहे. २०२१मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत गेली. माझा पुतण्या अशाच एका गावात भाड्याने राहतो. त्याचे घरमालक जुने शेतकरी. गेल्या खेपेला चहा घेताना ते म्हणाले, “रस्ते होतील, पाणी येईल, सगळं होईल. पण ग्रामसभेत उभं राहून बोलायचो, ते गेलं बघा.” मला उत्तर सुचले नाही.

गाव म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे आमच्या तालुक्याला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे कळले. भूकंपात किल्लारी पडली. नव्या जागी पुन्हा वसली, ती किल्लारी म्हणूनच. जागा सुटली तरी माणसे एकमेकांना धरून राहिली, म्हणून गाव राहिले. मोठ्यात सामील होताना हेच जपायला हवे : चालत जाता येईल असे एक ठिकाण, जिथे आपले म्हणणे आपल्या ओळखीची माणसे ऐकून घेतील. सोयीसाठी कितीही मोठे व्हावे, पण ही जागा मोडू नये.

मला उर्दू येत नाही. आजोबांच्या कागदावरचा एकच शब्द ओळखता येतो. वडिलांनी लहानपणी त्यावर बोट ठेवून दाखवला होता. यंदा मी मुलाला हाक मारली, कागद तळहातावर उलगडला आणि त्याचे बोट धरून त्याच शब्दावर टेकवले. म्हटले, “हे औसा.”