जोझानीचे शाखामृग

झांजिबार शहराच्या आग्नेयेस सुमारे ३५ किलोमीटरांवर जोझानीचे अरण्य आहे. आम्ही तेथे गेलो ते तांबड्या कोलोबस माकडांसाठी. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचे हे एकच बेट त्यांचे मूलस्थान होय.

पाठ तांबूस, हातपाय काळे, तोंड सावळे, नाकाओठांवर गुलाबी छटा आणि मुखाभोवती पांढऱ्या केसांची झालर, असे ह्या प्राण्याचे ध्यान. हातास अंगठा जवळजवळ नाहीच. ‘खुंटलेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास कोलोबस हे नाव पडले, ते ह्यामुळेच. त्यावाचून त्याचे काही अडत मात्र नाही. चार बोटांचा आकडा करून तो फांदीवरून फांदीवर लीलया जातो. आपल्याकडील काळतोंड्या वानराचा हा दूरचा भाऊबंद.

संस्कृतात माकडास शाखामृग म्हणतात. हा शब्द ह्याच्याइतका क्वचितच कोणास शोभत असेल! गाईगुरांप्रमाणे त्याचे जठर कप्प्यांचे असते. त्यात कोवळा पाला व कच्ची फळे आंबून पचतात. पिकलेले गोड फळ त्यास सोसत नाही. आपल्याकडून तिकडे गेलेल्या आंब्याची व देशी बदामाची पाने त्यास फार प्रिय. ती पौष्टिक खरी, परंतु त्यांत पचनास बाधक अशी तुरट द्रव्येही असतात. ह्यावरील माकडांचा उतारा ऐकून एखाद्या वृद्ध वैद्यानेही मान डोलवावी: ती जळक्या खोडांचा कोळसा खातात, आणि कोळसा ती द्रव्ये शोषून घेतो.

गावकरी त्यास ‘किमा पुंजू’, म्हणजे विषारी माकड, म्हणत आले. कोवळे नारळ खातो म्हणून शेतकऱ्यांचा त्याच्यावर रोषही असे. संशोधकांस मात्र त्याचा वावर असलेल्या बागांत नारळाचे उत्पन्न घटलेले आढळले नाही. २००४ साली जोझानी राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवाशांच्या प्रवेशशुल्काचा काही वाटा आसपासच्या गावांस मिळतो. आम्हांस ही व्यवस्था उपदेशापेक्षा अधिक शहाणपणाची वाटली.

अरण्यालगतच्या डांबरी रस्त्यावर मोटारींखाली कित्येक माकडे मेली. पुढे गतिरोधक घातल्यावर हे मृत्यू कमी झाले, पण थांबले नाहीत. संपूर्ण बेटावर झालेल्या एका गणनेत ५,८०० हून अधिक माकडे भरली; पूर्वीच्या अंदाजाच्या ही सुमारे तिप्पट. तथापि त्याच पाहणीत असेही दिसले, की जन्मलेल्या पिल्लांपैकी फार थोडी वाढीस लागतात.