भिंतीतली चोच

इस्टेटीवर नातेवाईक जमले की आपण म्हणतो, गिधाडं टपलीयेत. ते गिधाड कुणी राहत्या घराच्या भिंतीवर रंगवेल? रंगवलंय! तेही सुमारे ८५०० वर्षांपूर्वी, मध्य तुर्कस्तानात, कोन्याच्या मैदानातल्या चातालह्योयुकला. शाळेत मोहेंजोदडोची गटारं पाठ केली, पण हे गाव कुणी दाखवलं नाही!

आधी गाव तर ऐका. रस्ताच नाही. घराला घर चिकटलेलं, ये-जा धाब्यावरून, छताच्या झरोक्यातून शिडीनं खाली. आणि माणूस गेलं की पुरायचं कुठे, तर घरातल्याच ओट्याखाली. वर बिऱ्हाड, खाली पूर्वज!

जेम्स मेलार्ट यांनी १९६१ ते १९६५ या काळात इथे उत्खनन केलं, तेव्हा एका भिंतीवर ही गिधाडं निघाली. लाल, दांडगी, पंख ताणलेली, आणि पुढ्यात चिमुकली माणसं, मुंडकी नसलेली. दुसऱ्या एका भिंतीवर तर गिधाडांना पाय माणसाचे! मला विचाराल तर ते सोंग आहे. जव्हार-मोखाड्याकडचा मुखवट्यांचा बोहाडा पाहिलेल्याला दुसरं काही सुचायचंच नाही.

पण थांबा, खरा धक्का पुढेच. काही भिंतींतून गिलाव्याचे उंचवटे पुढे आलेले होते. मेलार्टनी ते स्तन मानले. त्यांच्या आत गिधाडाची कवटी, आणि बोंडातून बाहेर डोकावणारी चोच! जिथून दूध यायचं, तिथून मढं सोलणारी चोच. हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं घालून घरभर येरझाऱ्या घातल्या. बाळ पाजणं आणि प्रेत खाणं एकाच गोळ्यात लिंपायला कसली छाती लागत असेल!

मेलार्ट तसे कल्पनेच्या भरात वाहवत जाणारे गृहस्थ. पुढे त्यांच्यावर बनावट चित्रांचे आरोपही झाले. पण गिधाडांच्या भिंतींचे उत्खननातले फोटो आहेत. प्रेतं गिधाडांना घालत, हा त्यांचा अंदाज मात्र नंतरच्या संशोधकांना सरसकट पटला नाही. पुरलेले बरेच सांगाडे अखंड मिळाले. तरी काहींची डोकी नंतर काढून घेतलेली आहेतच! २००४ मध्ये एका बाईचं दफन सापडलं, तिच्या कवेत दुसऱ्या कुणाची तरी कवटी होती, गिलाव्यानं चेहरा घडवून लाल रंगवलेली.

आणि त्या भिंती? चित्र काढायचं, मग त्यावर पांढरा हात फिरवायचा, पुन्हा कोरी भिंत. काही भिंतींवर गिलाव्याचे शंभराहून जास्त थर मोजलेत.

आता मी तुर्कस्तानातल्याच गोबेकली टेपेच्या मागे लागलोय. तिथला त्रेचाळीस क्रमांकाचा दगडी खांब, चातालह्योयुकपेक्षाही हजारो वर्षं जुना. वर गिधाड, त्याच्या पंखावर एक गोल तबकडी, आणि अगदी तळाशी, बघा तर, पुन्हा तोच बिनडोक्याचा माणूस!