घर कोणाचे?

मुंबईतील एका घरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक काचेची पेटी आहे. घरातील बारा वर्षांच्या मुलाला ती त्याच्या मामांनी दिवाळीत मांडून दिली. तीत दोन विदूषक मासे राहतात. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना काळी किनार, असा त्यांचा थाट आहे. त्यांचे पोहणेही मोठे गमतीचे! डुलत डुलत ते असे पुढे येतात, की रंगभूमीवर विदूषकाचा प्रवेशच होत आहे असे वाटावे.

तीन महिने आनंदात गेले. मग मुलाने एका पुस्तकात प्रवाळांमधले एक चित्र पाहिले. त्या चित्रातील विदूषक मासे समुद्रपुष्पाच्या कुशीत विसावले होते. त्याचे मासे मात्र रात्री मातीच्या एका लहानशा कुंडीच्या आडोशाला झोपत. मुलाला फार वाईट वाटले. रविवारी मामा येताच तो म्हणाला, "मामा, आपण ह्यांना बेघर केले आहे. माझ्याजवळ खाऊचे पैसे साठले आहेत. आपण एक समुद्रपुष्प आणू या."

मामा हसले. म्हणाले, "अरे, आणण्यापूर्वी ते आहे तरी काय, हे पाहू या की!"

समुद्रपुष्प हे नावाचेच पुष्प. वस्तुतः तो एक प्राणी आहे. खडकाला चिकटून तो आपले बोटांसारखे संस्पर्शक पाण्यात पसरतो. त्या संस्पर्शकांत विषारी दंशपेशी असतात. लहानसा मासा त्यांना लागला, की तो बधिर होऊन समुद्रपुष्पाच्या तोंडी जातो. विदूषक माशाच्या अंगावर मात्र बुळबुळीत द्रवाचा थर असतो. त्या थरामुळे तो ह्या विषारी वनात निर्भयपणे वावरतो. समुद्रपुष्पांच्या जाती हजाराच्या वर आहेत; परंतु विदूषक माशांना आसरा देणाऱ्या जाती जेमतेम 10 आहेत.

हा आसरा फुकट मिळत नाही. समुद्रपुष्पाचे लचके तोडायला येणाऱ्या माशांना विदूषक मासा हुसकावून लावतो. समुद्रपुष्पाच्या शरीरात सूक्ष्म शैवल राहते. माशाच्या मलमूत्रातून त्याला पोषण मिळते. आणि ते शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून समुद्रपुष्पालाही देते.

"मग ह्यांना समुद्रपुष्प नको का?" मुलाने विचारले.

"समुद्रात हवेच," मामा म्हणाले. "विदूषक मासा काही वेगाने पोहणारा नव्हे. आसरा सोडला, तर मोठे मासे त्याला गट्ट करतील. पण तुझ्या पेटीत त्याचा शत्रू कोण आहे?"

खरोखर, पेटीत शत्रू नव्हता. पाळलेले विदूषक मासे समुद्रपुष्पावाचून नीट जगतात, कुंडीवर किंवा दगडावर अंडीही घालतात आणि नर त्या अंड्यांची राखण करतो. आज दुकानांत मिळणारे कितीतरी विदूषक मासे टाक्यांतच जन्मलेले असतात. त्यांनी समुद्रपुष्प कधी पाहिलेलेही नसते.

समुद्रपुष्पाची गोष्ट निराळी. त्याच्या शैवलाला प्रखर प्रकाश लागतो. पाण्याचा खारटपणा आणि उष्णता फार बदलून चालत नाही. पेटी नवी असेल, तर त्याचा निभाव लागणे कठीण. ती कित्येक महिने मुरावी लागते. जागा आवडली नाही, तर ते हळूहळू सरकत जाते आणि कधी पाणी खेचणाऱ्या पंपात सापडते. ते मेले, तर पाणी नासते आणि मासेही दगावू शकतात.

परंतु नीट सांभाळ झाला, तर समुद्रपुष्प किती जगावे? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलियेल यांनी 1828 मध्ये थंड समुद्रातील एका जातीचे समुद्रपुष्प आणून काचेच्या भांड्यात ठेवले. डॅलियेल 1851 मध्ये वारले. समुद्रपुष्प जगतच राहिले. एकामागून एक नव्या माणसांनी त्याचा सांभाळ केला. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणू लागले. ही आजी 1887 मध्ये निवर्तली.

मुलगा कितीतरी वेळ गप्प राहिला. आजवर समुद्रपुष्प म्हणजे त्याला माशांचा पलंग वाटत होता. त्या पलंगालाही भूक लागते, उजेड लागतो आणि आयुष्य असते, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

"म्हणजे मामा," तो हळूच म्हणाला, "माशांना घर द्यायला निघालो होतो, आणि दुसऱ्याच एका जिवाला मी बेघर करणार होतो!"

"माशांना ते हवे होते, की तुझ्या डोळ्यांना?" मामांनी विचारले. मुलाने उत्तर दिले नाही. पण खाऊचे पैसे पुन्हा डब्यात ठेवले. पेटी चांगली मुरली आणि तिला पुरेसा प्रकाश देता आला, तर पुढे पाहू, असे दोघांनी ठरवले.

त्या रात्री दिवा मालवण्यापूर्वी तो पेटीपाशी गेला. दोन्ही मासे कुंडीला टेकून शांतपणे पंख हलवत होते. त्या ओबडधोबड कुंडीची त्याला आज प्रथमच लाज वाटली नाही.