वॉशिंग्टनांचा गोतावळा

नेवासकर शोधायला कुणी नेवाशाला जात नाही. नेवासकर सापडायचा तो पुण्यात, इंदुरात, नाहीतर बडोद्यात. गावात असताना तो कुलकर्णी असतो, जोशी असतो, किंवा नुसताच कुणाचा तरी थोरला. वेस ओलांडून परगावी बिऱ्हाड मांडलं की तिथले लोक त्याला त्याच्या सुटलेल्या गावाच्या नावानं ओळखू लागतात.

बाराव्या शतकात ईशान्य इंग्लंडातल्या एका जमीनदारानं याच्या उलटं केलं. विल्यम त्याचं नाव. हर्टबर्न गाव त्याच्याकडे होतं म्हणून तो हर्टबर्नचा विल्यम. डरहॅमच्या बिशपाशी त्यानं गावांची अदलाबदल केली, हर्टबर्न सोडून वेअर नदीच्या उत्तरेचं दुसरं गाव घेतलं. ११८३ सालच्या बिशपाच्या जमाखर्चात या व्यवहाराची नोंद आहे. जमीन बदलली तसं त्यानं नावही बदललं आणि नव्या गावाचा झाला. हे नवं गाव म्हणजे वॉशिंग्टन. त्या काळचे कारकून ते हवं तसं लिहीत, पण गाव तेच. हा सौदा फिसकटला असता तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज हर्टबर्न असतं. इंग्रजी जाणणाऱ्यांनी यावर मनातल्या मनात हसून घ्यावं.

मूळ वॉशिंग्टन आजही जागेवर आहे आणि त्यात राजधानीसारखं काहीही नाही. शे-दोनशे वर्षं तिथल्या माणसांनी जमिनीखाली कोळसा खणला. खाणी संपल्या, १९६४ साली सरकारनं आजूबाजूच्या वस्त्या एकत्र करून तिथे नवं नगर वसवायचं ठरवलं, आणि १९८६ साली जवळच निस्सानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. विल्यमच्या वंशजांचा जुना वाडा मात्र मधल्या काळात पार रया जाऊन बसला होता. मूळच्या भिंतींचे थोडे अवशेष, त्यावर सतराव्या शतकात केलेलं बांधकाम, आणि आत खोल्या पाडून भाड्यानं राहणारी कितीतरी बिऱ्हाडं. आपल्याकडच्या वाड्यांचं जे झालं तेच. शेवटी तो राहण्यालायक नाही असा शेरा पडला. १९३६ साली गावातल्या एका शिक्षकानं पुढाकार घेऊन समिती काढली म्हणून वाडा पाडण्यातून वाचला, १९५५ साली अमेरिकेच्या राजदूतांच्या हस्ते लोकांना खुला झाला. १९७७ साली जिमी कार्टर येऊन गावात एक झाड लावून गेले. दर ४ जुलैला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन इंग्लंडातल्या या गावात साजरा होतो, म्हणजे ज्यांच्यापासून स्वातंत्र्य मिळालं तेच पेढे वाटतात. दक्षिणेला ससेक्समध्ये, टेकड्यांच्या पायथ्याशी, आणखी एक वॉशिंग्टन आहे. त्याचा या घराण्याशी संबंध नाही. नेवासे एकच असतं, वडगाव मात्र सतरा.

विल्यमचे वंशज पुढे पांगले. कुणी लँकेशायरला गेले, आणि त्यांच्यातला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थॅम्प्टनला लोकरीचा व्यापारी झाला, शहराचा महापौरही झाला. आठव्या हेन्रीनं मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा १५३९ साली या गृहस्थानं सल्ग्रेव्हची जमीन घेऊन ठेवली. व्यापारी माणूस, भाव पडल्यावर खरेदी करणारच. तिथे त्यानं बांधलेल्या घराच्या दाराशी, दगडी कमानीच्या कोपऱ्यात, घराण्याचं चिन्ह कोरलेलं आहे: दोन आडवे पट्टे, वर तीन चांदण्या. वॉशिंग्टन शहराचा झेंडा पाहिला आहे? पांढऱ्यावर दोन तांबडे पट्टे, वर तीन तांबड्या चांदण्या. लोकरवाल्याचं चिन्ह १९३८ साली जसंच्या तसं राजधानीच्या डोक्यावर चढलं.

लॉरेन्सच्याच वंशातला, त्याच नावाचा एक पाद्री १६४३ साली इंग्लंडातल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत आपल्या चर्चमधून हाकलला गेला. दारूडा म्हणून, असं विरोधक म्हणत. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारासाठी जहाजावर व्हर्जिनियाला गेला. परतीच्या वाटेवर जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. ते निघेपर्यंत जॉनचं मन तिथेच रुतलं, एका जमीनदाराच्या मुलीशी लग्न झालं, आणि तो राहिला. हे १६५७ च्या सुमाराचं. जॉर्ज वॉशिंग्टन या जॉनचा पणतू.

जॉर्जला मूलबाळ नव्हतं. विधवा मार्थाशी लग्न केलं तेव्हा तिची पहिल्या नवऱ्याची मुलं घरात आली, पण त्यांचं आडनाव कस्टिस. इतक्या मोठ्या माणसाचं नाव पुढे चालवायला पोटचा मुलगा नाही, म्हटल्यावर एका अख्ख्या देशानं ती जबाबदारी उचलली. १७९१ साली नव्या राजधानीला त्याचं नाव मिळालं. एकतीस परगणे, न्यू हॅम्पशायरमधला तो सोसाट्याच्या वाऱ्याचा डोंगर, पूल, चौक, शाळा यांची तर गणतीच नको. १८५३ साली पॅसिफिक किनाऱ्याकडच्या वसाहतवाल्यांनी आपल्या मुलखाला कोलंबिया नाव मागितलं. राजधानीच्या जिल्ह्याचं नाव कोलंबिया, तेव्हा घोटाळा होईल, असा आक्षेप निघाला, आणि घोटाळा टाळण्यासाठी काँग्रेसनं त्याला नाव दिलं वॉशिंग्टन. सरकारी कामकाज सगळीकडे सारखंच. सिअॅटलला नोकरी करणारी नात आजही फोनवर ‘आम्ही वॉशिंग्टनला असतो’ म्हणाली, की इकडे साताऱ्याची आजी राष्ट्राध्यक्षांचं घर किती लांब आहे ते विचारते. त्याच राज्यात १९५७ साली वसवलेलं एक गाव आहे, त्याचं नाव जॉर्ज, म्हणजे पत्त्यावर लिहायचं ‘जॉर्ज, वॉशिंग्टन’. तिथे ४ जुलैला अवाढव्य चेरी पाय भाजतात. आपल्या शाळेतही सांगितलेली ती कुऱ्हाडीची आणि चेरीच्या झाडाची गोष्ट वीम्स नावाच्या चरित्रकारानं जॉर्जच्या मृत्यूनंतर रचलेली. पाय खाणाऱ्यांचं त्यामुळे काही बिघडत नाही.

इथवरचा इतिहास गाइड सांगतात. मला ओढ आहे ती पुढच्या प्रश्नाची: इतक्या जागांना हे नाव, तर माणसं कोण?

२००० सालच्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १,६३,००० माणसं निघाली. त्यांतली दहातली नऊ काळी होती. पाद्र्याच्या मुलाचं, लोकरवाल्याचं, बिशपाशी सौदा करणाऱ्या विल्यमचं नाव आज मुख्यतः गुलामांचे वंशज लावतात. सोपं उत्तर असं की मालकाचं नाव गुलामांना चिकटलं असणार. काही ठिकाणी तसं झालंही. पण माउंट व्हर्नन, म्हणजे खुद्द जॉर्जची जहागीर, पाहिली तर हे उत्तर पुरत नाही.

१७९९ च्या जून महिन्यात, मरणाआधी सहा महिने, जॉर्ज वॉशिंग्टननं आपल्या हातानं गुलामांची यादी केली. स्वच्छ अक्षर, पाच शेतांचे पाच विभाग, आपल्या मालकीचे एका बाजूला, बायकोच्या पहिल्या सासरकडून आलेले दुसऱ्या बाजूला. प्रत्येकासमोर धंदा, वय, नवरा किंवा बायको कुठल्या शेतावर. नॅट, लोहार. जॉर्ज, लोहार. आयझॅक, सुतार. आपल्या गावच्या पाटलाच्या चोपडीत शोभावी अशी ही भाषा, आणि आपल्याकडे हेच धंदे पुढे आडनावं झाले. इथे झाले नाहीत. तीनशेहून अधिक माणसं, आणि बहुतेकांना यादीत एकच नाव. आडनावं त्यांना नव्हती असं नाही; आपापसांत ती होती, मालकाच्या वहीत त्यांना जागा नव्हती. मृत्युपत्रात वॉशिंग्टननं आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद केली, तीही बायकोच्या मृत्यूनंतर. ज्या बाईच्या मरणावर सव्वाशे माणसांची सुटका टांगलेली आहे तिला रात्री झोप कशी लागावी? मार्थानं वाट न पाहता १ जानेवारी १८०१ ला त्यांना सोडून दिलं. सुटलेल्यांतल्या फार थोड्यांनी वॉशिंग्टन नाव लावलं.

एकानं मात्र, कुणी सोडायची वाट न पाहता, पळून जाऊन ते लावलं होतं. हॅरी त्याचं नाव, जन्म आफ्रिकेतला, १७६३ साली विकत घेतलेला. वॉशिंग्टनच्या तबेल्यात तो घोडे सांभाळी. १७७१ मध्ये एकदा पळाला, पकडला गेला. १७७६ मध्ये पुन्हा पळाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण बंडखोर मालकाचा गुलाम आमच्याकडे आला तर तो मुक्त, असं इंग्रजांनी जाहीर केलं होतं. धनी स्वातंत्र्यासाठी लढत होता, मोतद्दारही. फक्त बाजू वेगळ्या. युद्ध संपल्यावर जनरल वॉशिंग्टननं इंग्रज सेनापतीकडे पळालेले गुलाम परत मागितले, त्यानं नकार दिला. १७८३ साली न्यूयॉर्कहून निघालेल्या जहाजावरच्या काळ्या प्रवाशांची एक नोंदवही आहे. तिच्यात हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, असं आहे, आणि पुढे कारकुनानं लिहिलं आहे की हा पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता होता, सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला. एकाच ओळीत दोन्ही वॉशिंग्टन.

नोव्हा स्कोशियाच्या थंडीत आणि दगडाळ जमिनीत हॅरीची काही वर्षं गेली. १७९२ साली तो आणि त्याच्यासारखे हजारभर लोक पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले. त्यांना नेणाऱ्या कंपनीनं फुकट जमीन कबूल केली होती. तिथे पोचल्यावर तिनंच जमिनीवर सारा बसवला. लोक चिडले, आपले कायदे आपण करू म्हणाले, आणि सप्टेंबर १८०० मध्ये त्यांनी बंड केलं. हॅरी त्या बंडात होता. लंडनच्या सरकारानं आपल्यावर कर बसवायचा कोण, हा जॉर्ज वॉशिंग्टनच्या पिढीचा सवाल. तोच त्याच्या मोतद्दारानं विचारला, तेव्हा जॉर्जला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बंड मोडलं. हॅरीला वसाहतीबाहेर हाकलण्यात आलं. माझ्या मते वॉशिंग्टन घराण्याचा खरा वारस हाच. रक्ताचा एक थेंब सारखा नसताना.

बाकीच्या वॉशिंग्टनांची नावं बरीच उशिरा, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेल्यावर आली. त्यांतल्या एका मुलाची हकीकत त्यानंच लिहून ठेवली आहे. वेस्ट व्हर्जिनियातली काळ्या मुलांची नवीन शाळा. मास्तर हजेरी घेतायत. हा पोरगा पाहतोय की प्रत्येक जण दोन नावं सांगतो, कुणी कुणी तीनसुद्धा. त्याला घरी सगळे बुकर म्हणतात, तेवढंच. आपला नंबर येईपर्यंत काहीतरी सुचायला हवं. मास्तर त्याच्यापाशी आले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘बुकर वॉशिंग्टन’. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, तेच बहुधा जिभेवर आलं. आईनं आपलं आणखी एक नाव ठेवलं होतं हे त्याला मागाहून कळलं, म्हणून मध्ये टी. आला. हजेरीच्या त्या अर्ध्या मिनिटात घेतलेलं नाव पुढे टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेवर, पुस्तकांवर, आणि १९४० साली टपालाच्या तिकिटावर गेलं. त्याच्या पडखाऊ राजकारणावर त्याच्याच लोकांनी सडकून टीका केली, ती मला बरीचशी पटते. पण त्या अर्ध्या मिनिटाला तोड नाही.

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ निघाली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेली. त्या वर्षी हा बुकर सोळा-सतरा वर्षांचा होता, आणि हॅम्प्टनच्या शाळेत झाडलोट करून फी भागवत होता. जोतीरावांना तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अर्पणपत्रिकेत सोडवणाऱ्यांचा गौरव होता. ज्यांना सोडवलं त्यांच्यातला एक तेव्हा हातात झाडू घेऊन उभा होता.

नाव घेणं सोपं असतं असं मात्र नाही. गोव्यातलं मंगेशी सोडून आलेल्या दीनानाथांनी मंगेशकर लावलं ते पाठीशी देवाचं गाव होतं म्हणून. टस्कलूसात जन्मलेल्या रूथ जोन्स नावाच्या मुलीला रंगमंचासाठी नाव हवं होतं, ती डायना वॉशिंग्टन झाली, आणि तिचा आवाज ऐकताना जोन्स कुणाला आठवत नाही. तिच्या पाठीशी गाव नव्हतं, एक आडनाव होतं, आणि तोवर ते पुरेसं काळं झालं होतं.

आणि मग वॉल्टर वॉशिंग्टन. गुलामाचा पणतू, जन्म जॉर्जियातला. राजधानीचा कारभार जवळजवळ शंभर वर्षं काँग्रेस पाही, शहराला निवडलेला महापौर नव्हता. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी वॉल्टर यांना नेमलं. त्यांनी पहिलं अंदाजपत्रक काँग्रेसकडे पाठवलं तेव्हा समितीच्या दक्षिणी अध्यक्षानं त्यांच्या कचेरीवर ट्रकभर कलिंगडं धाडली. काळ्या माणसाला कलिंगडं म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे जातीवरून टोमणे मारणाऱ्यांनाही ते लगेच कळेल. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर शहर पेटलं. लुटारूंवर गोळ्या घाला असा वरून दबाव होता म्हणतात. वॉल्टर यांनी ऐकलं नाही, रस्त्यावर जाऊन लोकांशी बोलत राहिले. १९७५ च्या जानेवारीत ते शहराचे निवडून आलेले महापौर झाले. वर्तमानपत्रांना ‘वॉशिंग्टनचे महापौर वॉशिंग्टन’ असं छापावं लागे. १९७८ साली पक्षाची उमेदवारी दुसऱ्याला गेली, आणि त्यानंतर वॉशिंग्टनला वॉशिंग्टन आडनावाचा महापौर मिळालेला नाही.