कुठल्या साहेबाकडे जायचं?

मंडळी, या वीकांताला चिंचोटीच्या धबधब्याचे फोटो टाकणार होतो. ते पुढच्या वेळी. आज जरा वेगळं लिहितोय.

नाक्याजवळ ओळखीतल्या एक वहिनी राहतात. नवरा फौजेत हवालदार. सुट्टीवर आला की मारतो. यंदा वहिनी चौकीत गेल्या. "फौजी माणूस आहे, युनिटला कळवा." युनिटला फोन लावला. "घरचा मामला आहे, पोलिसांत द्या." आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत ढिम्म बसून!

म्हटलं, कायदा तरी वाचून बघू. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (लागू २६ ऑक्टोबर २००६ पासून) फौजींना वगळत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची, तो अहवाल मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. नवऱ्याने संरक्षण आदेश मोडला तर वर्षभरापर्यंत कैद. गाडं अडतं ते पैशापाशी. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २८ मुळे दिवाणी कोर्टाला जवानाचा पगार जप्त करता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ९१ खाली बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून पैसे कापायचा हुकूम निघू शकतो, आणि तो काढायचा सरकारने किंवा नेमून दिलेल्या लष्करी अधिकाऱ्याने. म्हणजे मार थांबवायला कोर्ट, पैशाला फौज. टोलवाटोलवी कसली करताय राव, दोघंही लागतात!

अमेरिकेत हे रक्त सांडल्यावर कळलं. २००२ च्या उन्हाळ्यात फोर्ट ब्रॅगला दीडेक महिन्यात सैनिकांच्या चार बायकांचे खून झाले, आरोप नवऱ्यांवर. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला, की बाहेरच्या कोर्टाचा संरक्षण आदेश लष्करी तळाच्या आतही तितकाच लागू.

वहिनींना हे सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "भावजी, त्यांची नोकरी तर नाही ना जाणार?" पगार, पेन्शन, कॅन्टीन, मुलांची शाळा, सगळं त्या एका नोकरीवर. माझ्याकडे छातीठोक उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो, की पोटगी पगारातूनच कापायची असते, ती मागणं म्हणजे नोकरी घालवणं नव्हे.

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. काल अर्ज लिहिला. एक प्रत संरक्षण अधिकाऱ्याला, एक युनिटच्या सीओंना, आणि दोन्हींवर लिहिलंय की दुसरी कुणाला पाठवलीय. स्पीड पोस्टाची पावती वहिनींनी तांदळाच्या डब्यात ठेवलीय.

असो. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.