दूध पुरत नाही?

डोंबिवलीत दवाखाना नुकताच सुरू केला होता. एक पहिलटकरीण आली, बाळ 20 दिवसांचं. "डॉक्टर, दूध पुरत नाही हो, सारखं रडतं." मी वजन केलं नाही, ती कशी पाजते ते पाहिलं नाही, डब्याचं नाव लिहून दिलं. हातातल्या पेनवरही तेच नाव होतं. महिन्याभरात तिचं दूध आटलं.

1992 च्या कायद्याने डबे-बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि डॉक्टरांना भेटवस्तू यांवर बंदी आणली. 2003 मध्ये परिषदांच्या प्रायोजकत्वावरही. म्हणजे ते पेन मी घ्यायलाच नको होतं.

बाळ जितकं ओढतं तितकं दूध तयार होतं. वरचं दूध सुरू केलं की ओढणं कमी होतं, मग दूधही.

लक्षात ठेवा, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. काही बाळांना डबा खरंच लागतो. पण कुणी लिहून दिलाच, तर विचारा, "डॉक्टर, आधी मी पाजते ते बघाल का?"

त्या बाईने मला विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते मी.