नानाची हद्द

नाना घरात आला तो कामाला म्हणून. खाऱ्या पाण्याची टाकी लावून चार महिने झाले होते आणि काचेवर तांबडे-तपकिरी ठिपके सरकायला लागले होते. कणीएवढे चपटे किडे, फ्लॅटवर्म. औषधाने मारता येतात, पण ढिगाने एकदम मेले तर त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं आणि मासेच जायची वेळ येते. दुकानदार म्हणाला, "सिक्स-लाइन रॅस न्या सर. वेचून खाईल."

त्याने खरंच वेचून खाल्ले. बोटाएवढा मासा. जांभळट निळं अंग, त्यावर सहा नारिंगी रेघा, हिरवी शेपटी. रॅस मासे शेपटीपेक्षा छातीच्या परांनी जास्त पोहतात, वल्ही मारल्यासारखे. हा खडकाच्या एका भोकातून शिरायचा, भलत्याच भोकातून बाहेर यायचा, थांबायचा, एक डोळा गरगर फिरवून सगळं तपासायचा आणि पुढे. सोसायटीच्या निवृत्त चेअरमनसारखा. म्हणून नाना.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक-वाळू धरून साधारण १८० लिटर. त्यात आधीपासून क्लाउनफिशची एक जोडी होती. नानाने त्यांना कधीच काही केलं नाही, कारण तो आला तेव्हा ते तिथे होते. हे कारण मला फार नंतर कळलं. तेव्हा मी समजत होतो की नाना स्वभावानेच शांत आहे.

आठ महिन्यांनी मी फ्लॅशर रॅस आणला. नानाच्या तिप्पट किंमत. याचा नर मादीसमोर किंवा दुसऱ्या नरासमोर सगळे पर ताठ उघडतो आणि क्षणभर अंगावरचे रंग पेटल्यासारखे होतात. नाव त्यावरूनच पडलंय. स्वभावाने गरीब. रॅस हे कूळ प्रचंड आहे, पाचशेहून जास्त जाती. दोन मीटरपर्यंत वाढणारा नेपोलियन रॅसही त्यातलाच आणि हे दोन बोटभर मासेही. दोघे एकाच कुळातले म्हणजे जमेल, असं मी धरून चाललो. प्रत्यक्षात उलटं असतं. अंगाची ठेवण सारखी, खाणं सारखं, लपायच्या जागा सारख्या. भांडण त्याच्याशीच होतं.

रात्री दिवे बंद करून सोडला. सकाळी त्याची शेपटी फाटलेली होती.

मग सुरू झाले उपाय. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला पॅच असतो ही माझी श्रद्धा आहे. पहिला उपाय, खाणं वाढवा. दिवसातून दोनदाऐवजी चारदा थोडं थोडं. नाना खाऊन यायचा आणि ताज्या दमाने मारायचा. दुसरा उपाय आरसा. टाकीच्या बाहेरून काचेला आरसा चिकटवायचा, म्हणजे दांडगट मासा प्रतिबिंबाशी भांडण्यात गुंततो. दोन दिवस नाना आरशापुढून हलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा रस संपला.

(आरसा आणि रॅस यांची आणखी एक गोष्ट आहे. २०१९ साली जपानी संशोधकांनी क्लीनर रॅसवर प्रयोग केले. तेही मासे आधी आरशावर धावून गेले. काही दिवसांनी मात्र गळ्यावर लावलेला रंगाचा ठिपका आरशात दिसल्यावर ते गळा तळाशी घासू लागले. त्यांनी स्वतःला ओळखलं का, यावर अजून वाद आहे. नानाने काय ओळखलं असेल, त्यावर आमच्या घरात वाद झाला.)

तिसरा उपाय सगळ्यात खात्रीचा होता आणि तोच मी केला नाही. खडकांची मांडणी मोडून नव्याने रचायची. जुन्या माशाची हद्द पुसली जाते, सगळेच नवखे होतात. पण ती कमान मी तीन रविवार खपून सिमेंटने जोडली होती. तिचे फोटो काढले होते. मोडवेना.

क्लीनर रॅसवरचंच एक जुनं काम मी त्या दिवसांत वाचलं, १९७२ सालचं, ग्रेट बॅरियर रीफवरचं. एका नराच्या ताब्यात चार-पाच माद्या असतात. नर मेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते आणि दोन-अडीच आठवड्यांत खरोखरच नर होते. तोवर तिला थोपवून धरलेलं असतं ते नराच्या दादागिरीनेच. म्हणजे हा मारकुटेपणा या माशांचा वाईट स्वभाव नव्हेच, त्यांचं घर त्यावरच उभं असतं. फक्त समुद्रात हरलेला मासा निघून जातो. माझ्याकडे तीन फुटांवर काच होती.

पाचव्या दिवसापासून फ्लॅशर वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या पाइपामागे उभा राहायला लागला. खायला येईना. रूममेट म्हणाला, "अरे, दुकानात परत देऊन ये ना त्याला." मी म्हणालो, शनिवारी.

गुरुवारी रात्री माझा ऑन-कॉल होता. दोनच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत आवाज आला, ओलं फडकं जमिनीवर पडावं तसा. मी कॉलवर होतो, सर्व्हर बंद पडलेला, सहा जण ओळीने बोलत होते. मोरीतलं काही पडलं असेल म्हणून मी उठलो नाही.

सकाळी तो टाकीच्या मागे, भिंतीलगत सापडला. वाळून कडक झालेला. रंग गेलेले.

घाबरलेले रॅस उडी मारतात, हे प्रत्येक दुकानदार सांगतो. म्हणून टाकीवर जाळी होती. पण पाइप जातो तिथे दोन बोटं फट मी तशीच ठेवली होती. कापायला कात्री मिळाली नव्हती, असं काहीतरी कारण असेल.

आईला फोनवर सांगितलं, "नानाने मारलं त्याला." ती म्हणाली, "मेल्याला काढून टाक बाहेर." रूममेट समोरच चहा पीत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "नानाने?" एवढंच.

तरी मी नानाच्या मागे लागलो. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला, आत कोळंबीचा तुकडा, आणि बाटली वाळूवर आडवी. अकरा दिवस. दोन्ही क्लाउन रोज आत जाऊन खायचे आणि मी त्यांना रोज सोडवायचो. नाना बाहेरून बघायचा. बाराव्या दिवशी तो एकदाचा गेला आत, बहुतेक चौकशीला.

त्याला टाकीतच टांगायच्या भोकाभोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवला. नव्या माशाची ओळख करून द्यायला हा डबा असतो. माझ्याकडे तो पहिल्यापासून होता. फ्लॅशरच्या वेळी घाई झाली. रात्री टॉर्च मारून पाहिलं तर नाना डब्याच्या कोपऱ्यात आडवा, आणि त्याच्याभोवती काचेसारखा पातळ पापुद्रा. हे मासे झोपताना तोंडातून चिकट द्रव सोडून स्वतःभोवती कोश विणतात. त्याने वास झाकला जातो आणि शिकारी माशाला पत्ता लागत नाही, असं मानतात. एरवी तो खडकाच्या पोटात झोपायचा, त्यामुळे वर्षभरात मला हे कधी दिसलं नव्हतं. टॉर्च लगेच बंद केला.

दुकानदाराला मेसेज केला. तो म्हणाला, आणा, लगेच जाईल, दोन फुटी टाकीवाला एक गिऱ्हाईक मागतोच आहे. सोबत फोटो पाठवला, नवा फ्लॅशर आलाय, आधीच्यापेक्षा मोठा. "हा आधी सोडा आणि सिक्स-लाइन नंतर. भांडण होत नाही." पद्धत बरोबर आहे. जो जास्त मारकुटा, तो टाकीत सगळ्यात शेवटी जायला हवा. कधी कधी जमतंही. मी फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला.

रविवारी जाळीचा तुकडा कापून पाइपाभोवतीची फट बंद केली. मग डब्याचं झाकण काढून तो पाण्यात आडवा केला. नाना लगेच बाहेर आला नाही. क्लाउन येऊन डोकावून गेले. दहा मिनिटांनी तो निघाला, कमानीपाशी थांबला, डोळा फिरवला आणि नेहमीच्या भोकातून आत गेला.

हल्ली कोणी घरी आलं की विचारतं, एवढ्या मोठ्या टाकीत तीनच मासे?